उसना ब्रेक

"घ्या, न्या एक. परत नका करू."

असं म्हणून नाना दोन बोटांनी एक चिंचोका पटावरून समोरच्याकडे सरकवायचे. सरकवताना त्याच्याकडे बघायचेही नाहीत, नजर पुढच्या रस्त्यावर असायची. शेजारच्याच्या ताटात लोणच्याची फोड टाकावी इतकं ते सहज. समोरचा "अहो नाना, तुम्हालाच लागेल" म्हणेपर्यंत त्यांचे फासे पडलेले असायचे आणि त्यांचा लाल ट्रॅक्टर पुढे निघालेला असायचा.

तुमच्याही सोसायटीत असा एक माणूस असेल. लिफ्ट त्याच्यासाठी थांबते. हसण्याच्या आवाजावरून तो कितव्या मजल्यावर आहे ते कळतं. असा माणूस सगळ्यांना आवडतो. मलाही नाना आवडायचे, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. आता ते सांगायचा कंटाळा आला आहे. मी नानांवर जळायचो. कधीमधी नाही, नेमाने जळायचो.

गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत ते पाचव्या मजल्यावर राहायचे, आम्ही तिसऱ्या. त्यांचा व्यापार लासलगावला, कांद्याचा. सकाळी गाडीने बाजार समितीत जायचे, लिलाव आटोपून दुपारनंतर परत. उन्हाळ कांदा निघाला की इमारतीतल्या प्रत्येक दाराशी एकेक छोटी गोणी ठेवलेली असायची. कोणी ठेवली हे विचारायची गरज नव्हती. मी मात्र त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून कांदे विकत आणायचो आणि "हा कांदा जास्त टिकतो" असं घरात ऐकवायचो. आमच्या बाल्कनीत दोन ढीग असायचे, एक नानांचा आणि एक माझा. माझ्या ढिगाला आधी कोंब फुटायचे. चिरायला घेताना बायकोचा हात फक्त नानांच्या ढिगाकडे जायचा.

कांद्याचं सोडा. माझं खरं दुखणं होतं तो खेळ.

मी अंबडच्या एका कारखान्यात डिझाइनच्या खात्यात आहे. सुट्या भागांची ड्रॉइंगं करतो. ती पुढे जातात, कोणीतरी सही करतं, भाग तयार होतो, कुठल्यातरी यंत्रात बसतो. मी केलेली अख्खी वस्तू मी कधी पाहिली नव्हती. लॉकडाऊनमध्ये घरी बसून मी पहिल्यांदा एक अख्खी वस्तू केली. प्लायवुडच्या तुकड्यावर चांदवडकडून लासलगावला जाणारा रस्ता रंगवला. लाकडाचे चार ट्रॅक्टर, मागे ट्रॉल्या, ट्रॉल्यांत कांदे म्हणून अख्खे मसूर. बाजार समितीच्या गेटातून जो आधी आत जाईल तो जिंकला.

नियम सोपे होते. पहिला गियर टाकला तर एक फासा, दुसरा टाकला तर दोन, तिसरा टाकला तर तीन. गियर आपण निवडायचा, पुढचं फाशांच्या हातात. पण वाटेत वळणं होती. वळणात सातापेक्षा जास्त दान घेऊन शिरलं की ट्रॉली उलटली. उलटली म्हणजे मसूर सांडले, ट्रॅक्टर आडवा, एक खेळी बाद. त्यावर उपाय म्हणजे ब्रेक. प्रत्येकाला सुरुवातीला सहा चिंचोके मिळायचे. दान जेवढ्याने जास्त झालं तेवढे चिंचोके टाकले की वाचलात. चिंचोके मुठीत झाकून ठेवायचे, म्हणजे कोणाकडे किती उरलेत ते दुसऱ्याला कळत नाही. शिवाय एक अरुंद पूल होता. पुलावर पुढे असलेल्याने मागच्याला वाट द्यायची की अडवायचं, ते त्याच्या मर्जीवर.

वाचायला सोपं वाटतं, पण ते जमवायला मला महिने लागले. फाशांचं राज्य फार झालं की ती सापशिडी होते. डोक्याचं फार झालं की रविवारी दुपारी जेवण करून कोणी खेळायला उतरत नाही. दोन्हीच्या मधली जागा मी कागदावर हिशेब करून शोधली होती. नशीब वाईट असूनही विचार करून खेळणारा माणूस दहातले सहा-सात डाव जिंकेल, असा माझा अंदाज होता. विचार करून खेळणारा माणूस म्हणजे कोण, हे सांगायला नकोच.

बंधनं सैल झाल्यावर पार्किंगलगतच्या मीटिंगच्या खोलीत आम्ही रविवारी खेळू लागलो. मी, बायको, दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर बाई, आणि चौथं कोणीतरी. तेव्हा मी जिंकायचो. डॉक्टर बाई म्हणायच्या, "सर, तुमच्या डोक्यात कॅल्क्युलेटर आहे." ते ऐकायला बरं वाटायचं.

मग एका रविवारी नाना डोकावले. हातात लासलगावहून आणलेला चुरमुऱ्यांचा तिखट भत्ता, कागदाच्या पुड्यात बांधलेला. पुडा टेबलावर ठेवला आणि पटावर वाकून बघत राहिले. तिसऱ्या वळणावर बोट ठेवलं.

"हे वडाचं वळण हाय का?"

मी तिथं वड काढलेला नव्हता. नुसतं वळण काढलं होतं, पण ते तेच होतं.

"इथं आमची ट्रॉली उलटली होती," नाना खुशीत सांगू लागले. "मी असंल दहा-बारा वर्षांचा. सगळा रस्ता कांद्यानं लाल. आमचे वडील उठले, धोतर झटकलं आन् रस्त्याच्या मधे उभे राहून ओरडले, 'या रे, हात लावा!' चार ट्रॅक्टरवाले थांबले ना! अर्ध्या तासात ट्रॉली भरली. वर कुणीतरी चहा आणला."

मी म्हणालो, "हो का?"

माझ्या लहानपणी आमच्या शेतातल्या कांद्याची ट्रॉलीही त्याच वळणावर उलटली होती, हे मी सांगितलं नाही. माझ्या वडिलांनी कोणाला हाक मारली नव्हती. ट्रॅक्टर बाजूने निघून जात होते आणि आम्ही दोघं खाली मान घालून कांदे वेचत होतो. एक-दोघांनी वेग कमी करून विचारलं तर वडील म्हणाले, "नाय, होतंय." अंधार पडेपर्यंत होत होतं. ते वळण मी पटावर का काढलं ते माझं मलाच धड माहीत नव्हतं. आणि हा माणूस आल्या आल्या ते आपलं करून बसला, वर चहासकट!

त्या दिवसापासून चौथा ट्रॅक्टर नानांचा.

नाना जिंकायला लागले. कसे, ते मला बरेच दिवस कळेना. गियर टाकताना ते विचार करताहेत असं दिसायचं नाही. "बघू, रस्ता काय म्हणतो," म्हणायचे आणि तिसरा टाकायचे. मी प्रत्येक वळणाआधी घरं मोजायचो, तीन फाशांची सरासरी साडेदहा धरायचो, दोन ब्रेक राखून ठेवायचो. आणि ते भत्ता चावत चावत चिंचोके वाटायचे. डॉक्टर बाईंचं दान एकाने जास्त झालं, "घ्या डॉक्टर, न्या एक." बायकोची ट्रॉली उलटायला आली, "घ्या ताई, परत नका करू." चिंचोका दुसऱ्याला देऊ नये असा नियम मी केलेला नव्हता. कोणी देईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

पुढे लक्षात आलं. पुलावर कोणी नानांना अडवायचं नाही. ज्याला त्याला त्यांचा चिंचोका मिळालेला. डॉक्टर बाई तर ट्रॅक्टर बाजूला घेऊन "या नाना, या" म्हणायच्या. मला वाटलं, सापडलं! हा व्यापारी डाव आहे. मुठीतलं देतो आणि रस्ता विकत घेतो.

पुढच्या रविवारी मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की खेळाचा समतोल बिघडतोय, म्हणून आजपासून चिंचोके देणं-घेणं बंद.

"बरोबर हाय," नाना लगेच म्हणाले. "इंजिनेर साहेबांनी काहीतरी विचार केला असंल."

त्या दिवशी त्यांना अशी दानं पडली की विचारू नका. वळणात शिरताना सहा, सात. सरळ रस्त्यावर सोळा, सतरा. एकही चिंचोका न टाकता गेटातून आत. शेवटी मूठ उघडून सहाच्या सहा चिंचोके दाखवले आणि हसत सुटले. म्हणजे डावपेच बंद केले तर नशीब त्यांच्या बाजूने. मग मी नशिबाला लगाम घातला, तिसरा गियर एका डावात दोनदाच. त्यावर ते दुसऱ्या गियरमध्येच जिंकले. माझा समतोल मी या बाजूने सरकवला की ते त्या बाजूला उभे असायचे.

तीन रविवारांनंतर डॉक्टर बाईंनीच तोंड उघडलं. "सर, राग मानू नका, पण मजा गेली हो. क्लिनिकमध्ये बसल्यासारखं वाटतं. ते चिंचोक्यांचं परत चालू करा ना."

चालू केलं. खोली पुन्हा हसू लागली. इमारतीतले लोक जाता-येता म्हणायचे, "काय, नानांचा गेम जोरात!" नानांचा गेम. पट माझा, रंग माझा, प्रत्येक नियम माझ्या हातचा. नाना दुरुस्त करायचे, "माझा नाय बाबा, इंजिनेरांचा." त्यामुळे तर मला आणखीच लागायचं.

खरं सांगायचं तर ते मलाही ब्रेक द्यायचे. उलट मलाच जास्त. माझं दान एकाने वाढलं की चिंचोका सरकत यायचा. "घ्या इंजिनेर, न्या एक."

"नको नाना. असू द्या."

"अहो, उलटताय."

"उलटू दे."

आणि मी माझा निळा ट्रॅक्टर आडवा करायचो, मसूर सांडायचो. बायको म्हणायची, "अहो, घ्या ना! एका चिंचोक्याने काय होतंय?" नाना मान हलवायचे. "उलटायची लय हौस बाबा ह्यांना." मग टेबलाखाली वाकून माझ्याबरोबर मसूर वेचायचे. त्यांच्या जाड बोटांना ते दाणे सापडायचे नाहीत, पण वेचायचे. एकदा तसं वाकलेलं असताना हळूच म्हणाले, "घेतलं म्हणून काय कमी होत नाय हो आपण." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यांची आणखी एक करामत सांगायची राहिली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नाना मिटलेल्या मुठीकडे बघून आत किती चिंचोके आहेत ते सांगायचे. अंदाज नाही, बरोबर सांगायचे. डॉक्टर बाईंनी किती वेळा परीक्षा घेतली! हात पाठीमागे नेऊन चिंचोके बदलायच्या, मूठ समोर धरायच्या.

"तीन."

बरोबर.

"आता?"

"आता काय नाय. मोकळी मूठ धरून उगा घाम गाळताय."

हेही बरोबर. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाजारात तीस वर्षं काढली. बोली लावणाऱ्याच्या तोंडाकडं नाय बघायचं, हाताकडं बघायचं. तोंडाला सवय झालेली असती." मग सगळ्यांनी मुठी टेबलाखाली धरायला सुरुवात केली, तर त्यांनी स्वतःच नियम सुचवला की मुठी वरच हव्यात आणि ते डाव चालू असताना आकडा सांगणार नाहीत. तो शब्द त्यांनी पाळला. एकदाही कोणाचा आकडा फोडला नाही. पण त्यांना तो माहीत असायचा. मला वाटायचं, माहीत असूनही हा माणूस वाटत सुटतो. ज्याच्याकडे एकही नाही त्याला देतो, आणि ज्याच्याकडे दोन असून जो लपवतो त्यालाही देतो. हा डाव की हा स्वभाव? बायकोला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही त्यांच्याबद्दल फार विचार करता हो."

नाना आता नाहीत. हे इथंच सांगून टाकतो, कारण शेवटी मला दुसरंच सांगायचं आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं. मुंबईला नेऊन ऑपरेशन करायचं ठरलं. ते झालं आणि त्यातून नाना बाहेर आले नाहीत. कांद्याच्या गोण्या या वर्षीही आल्या. मुलाने पाठवल्या. मी हातगाडीवर गेलो नाही.

मुंबईला जायच्या आधीच्या रविवारी नाना खेळायला उतरले होते. वहिनी नको म्हणत होत्या, तरी उतरले. भत्त्याचा पुडा आणला होता, पण स्वतः खात नव्हते. आवाज बसलेला होता. चिंचोके मात्र वाटत होते. निम्म्या वाटेतच त्यांची मूठ मोकळी झाली. डॉक्टर बाई म्हणाल्या, "नाना, आज तुमच्यासाठी ठेवा जरा." ते म्हणाले, "ठिवून काय करू?"

त्या दिवशी मी चांगला खेळत होतो. हिशेबाने, एकेक वळण जपून. बायको आणि डॉक्टर बाई मागे पडल्या होत्या, चिंचोके संपवून बसल्या होत्या. शेवटचं वळण उरलं होतं. नाना पुढे, मी त्यांच्या मागे. नानांनी दुसरा गियर टाकला. फासे पडले, पाच आणि तीन. आठ. एकाने जास्त.

नाना थोडा वेळ फाशांकडे बघत बसले. मग मान वर केली आणि माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"इंजिनेर, हाय का एखादा? द्या की."

शेजाऱ्याकडे विरजण मागावं तसं मागितलं. लाज नाही, आर्जव नाही. ते ऐकून माझ्या आत काय झालं ते नीट सांगतो, कारण एवढ्यासाठीच तर हे लिहायला बसलो. मला त्यांची दया आली नाही. ऑपरेशन मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. तरी मला त्यांचा हेवा वाटला. जिंकण्याचा नाही, फाशांचा नाही. असं मागता येण्याचा. मधे उभं राहून "या रे" म्हणणाऱ्याचा हा मुलगा, आणि मी "नाय, होतंय" म्हणणाऱ्याचा. त्यांना देण्याचं सुख ठाऊक होतं आणि मागणंही जमत होतं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. माझ्याकडे मुठीत दोन चिंचोके होते, आणि नाना उलटले तर गेटापर्यंत मोकळा रस्ता.

"संपले, नाना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. टेबलावरच्या माझ्या उजव्या मुठीकडे बघितलं. फार वेळ नाही, दाण्यांचा ढीग डोळ्यांनी मोजतात तेवढाच वेळ.

"बरं," म्हणाले. "संपले तर संपले."

मग त्यांनी स्वतःच लाल ट्रॅक्टर उचलला. आम्ही बाकीचे ट्रॅक्टर नुसता ढकलून पाडायचो. त्यांनी तो वळणावर एका कुशीवर हळू ठेवला, ट्रॉली सरळ केली, आणि झोपलेल्या पोराला थोपटावं तसं बोटाने दोनदा थोपटलं. मसूर सांडू दिले नाहीत. "पड जरा गड्या," त्याला म्हणाले. आणि मला, "टाका. तुमचा डाव."

मी डाव्या हाताने एक फासा उचलला. पहिला गियर, मग पुन्हा पहिला. आडव्या लाल ट्रॅक्टरच्या बाजूने माझा निळा गेटातून आत गेला. बायकोने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर बाईंनी वाजवल्या. सगळ्यांत मोठ्याने नानांनी वाजवल्या, छातीला त्रास होत होता तरी.

"जिंकले इंजिनेर! द्या हात."

त्यांनी उजवा हात पुढे केला. माझ्या उजव्या मुठीत ते दोन होते. मी डावा हात दिला.

बायको म्हणाली, "अहो, डावा काय देताय?"

"चालतंय की," नाना म्हणाले. त्यांनी माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि वहिनी लिफ्टपाशी उभ्या राहून हाका मारत होत्या तरी बराच वेळ सोडला नाही.